नांगर, बांगडी आणि मोट

मागच्या महिन्यात पोस्टाच्या खिडकीतल्या मुलीनं माझ्यापुढं एक फॉर्म सरकवला आणि म्हणाली, "आजोबा, इथं साइन करा." मी केली. माझ्या मागं पागोटं घातलेला एक म्हातारा उभा होता. त्याच्याकडं वर न बघताच तिनं शाईची गादी पुढं ढकलली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही अंगठा." म्हातारा ओशाळला. अंगठा दाबताना त्यानं माझ्याकडं चोरून पाहिलं आणि मग शाई धोतराला पुसली. मला त्याला सांगावंसं वाटलं, की बाबा, तुझ्या आज्याला असं ओशाळावं लागलं नसतं. तो अंगठा देत नव्हता. तो कागदावर नांगर काढायचा, आणि त्याच्या नांगरापुढं कचेरीत कोणी नाक मुरडत नव्हतं. पण मागची रांग खोकायला लागली होती, म्हणून मी निघून आलो.

ते सगळं आता इथं सांगतो. त्या नांगरांशी माझी वीस वर्षांची ओळख आहे, आणि त्यातल्या एका नांगरानं माझा धंदा बंद केला.

मी अर्जनवीस होतो. आजच्या वाचकांना हा शब्द परका वाटेल. आमचा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. कचेरीचा कारभार उर्दूत, आणि शंभरातल्या नव्वद रयतेला उर्दू सोडाच, मराठीतलंही अक्षर येत नव्हतं. तेव्हा ज्याला सरकारपुढं काही म्हणायचं असेल त्यानं अर्जनवीसाकडं यायचं. आमच्याकडं सरकारी सनद असे. जालन्याच्या मुलखातल्या एका तालुक्याच्या गावी, कचेरीच्या आवाराबाहेर कडुलिंबाखाली आम्ही तिघं बसायचो. पुढं उतरत्या झाकणाची पेटी, पेटीवर कागद, बाजूला दौत आणि कलम. माणूस त्याच्या बोलीत सांगायचा, आम्ही ते कचेरीच्या उर्दूत उतरवायचो आणि मग पुन्हा त्याच्या बोलीत त्याला वाचून दाखवायचो. लोक मला मुन्शीजी म्हणत. घरात मी अण्णा.

कागद वाचून झाला की खाली अर्जदाराची निशाणी. कुणब्याची निशाणी नांगर. सुताराची वाकस, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा. बाई कोणत्याही जातीची असो, तिची बांगडी. हे कोणी कायद्यात लिहिलं नव्हतं, बापजाद्यांपासून चालत आलं होतं. काहीजण स्वतःच्या हातानं काढत. पण बहुतेकांचा हात कलमाला घाबरायचा. ज्या हातानं दिवसभर पाभर धरली तो हात बोटाएवढं कलम धरताना अवघडायचा. मग रीत अशी, की कलम मुन्शीनं धरायचं, अर्जदारानं त्याला दोन बोटं लावायची, आणि त्याची बोटं कलमावर असतानाच मुन्शीनं चित्र काढायचं. खाली लिहायचं, 'निशाणी नांगर, अमक्याची, माझ्या रूबरू.' त्याखाली मुन्शीची सही. रजिस्ट्रीच्या मोठ्या दस्ताला अंगठा लागायचा, पण साध्या अर्जाला आमच्याकडं शेवटपर्यंत निशाणीच चालली.

माझे मामा याच धंद्यात होते, त्यांनीच मला शिकवलं. त्यांनी अक्षरापेक्षा या दोन बोटांपायी माझा जास्त जीव खाल्ला. म्हणायचे, "चित्र तुझं, पण खूण त्याची. त्याची बोटं नसतील तर तू कागदावर नुसता खेळ मांडलास." मी तेव्हा विशीत होतो. मला वाटायचं, म्हातारा फार पाल्हाळ लावतो.

साइन या इंग्रजी शब्दाचं मूळ मी अगदी अलीकडं शोधलं. माझी सून इथल्या शाळेत इंग्रजी शिकवते, तिच्याकडं जाडजूड डिक्शनरी आहे. पोस्टातून आलो त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "हे तुमचं साइन आलं कुठून ते बघ बरं." तिनं बघून सांगितलं, की लॅटिन भाषेत एक शब्द होता, त्याचा अर्थ खूण. फौजेपुढं जो झेंडा चालायचा त्यालाही तोच शब्द. मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, "अगं, हे तर आपलं निशाण! निशाण म्हणजे झेंडा आणि निशाण म्हणजे खूण, फारसीतसुद्धा तसंच." सून हसली, म्हणाली, "अण्णा, त्या लोकांनी तुम्हाला विचारून नाही ठेवलं." मग मी तिला आपल्या शब्दांचं सांगितलं. दस्तखत म्हणजे हाताचं लिखाण. आणि सही म्हणजे मुळात बरोबर, खरं. अरबीतून आलेला शब्द. नावाखाली माणूस जे खरडतो त्याला आपण खरं असं नाव दिलं, हा भाबडेपणा की दरारा, मला अजून ठरवता आलेलं नाही. डिक्शनरीत आणखी एक अर्थ होता. डॉक्टरला दिसणारी आजाराची खूण, तीही साइनच. तिनं तो वाचला आणि पान उलटलं. मला त्या पानावर अजून थोडं थांबायचं होतं; का, ते पुढं येईलच.

निशाणीच्या गमतीही पुष्कळ होत्या. धावड्याकडचे दोघे भाऊ वाटणीच्या अर्जाला आले होते. कुणबी, म्हणून दोघांचीही निशाणी नांगर. मी थोरल्याचा काढला, त्याच्या शेजारी धाकट्याचा काढला. धाकटा कागद डोळ्याजवळ धरून म्हणाला, "हे न्हाई चालायचं."

"का रे?"

"माझा नांगर त्याच्या नांगरामागं चालून राह्यलाय. वाटण्या कशापायी करतोय मंग मी?"

मी कागद बदलला आणि नांगरांची तोंडं दोन दिशांना केली. दोघंही समाधानानं गेले. पुढं काही वर्षांनी तेच दोघे एका बांधावरच्या अर्जासाठी एकत्र आले, शेजाऱ्याच्या विरुद्ध. मी विचारलं, नांगर कसे काढू? धाकटा खाली बघत म्हणाला, "काढा की बराबरीनं."

जांब समर्थाकडं जाणारा एक गोसावी आला होता. सगळं सोडलंय म्हणाला, घर नाही, जात नाही, तेव्हा निशाणीही नाही. मी म्हटलं, "महाराज, सगळं सोडलं तर इनामी शेताच्या बांधासाठी अर्ज कशाला?" तो रागावला नाही. बराच विचार करून म्हणाला, "बांध तेवढा सुटून न्हाई राह्यला." मी निशाणी म्हणून त्याच्या हातातला चिमटा काढला.

माझ्या नांगराचं नाव होतं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तीन फटक्यांत पुरा व्हायचा. हाळिसाचा एक लांब दांडा, एक खाली वळलेला फाळ, वर धरायची मूठ. दुसरे मुन्शी काढायचे तो फावड्यासारखा दिसायचा. कचेरीतले कारकून कागद लांबून बघून सांगायचे, की हा मुन्शीजींचा नांगर. मला ते ऐकून बरं वाटायचं. नांगर ज्याचा त्याचा असायला हवा होता, माझा नव्हे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

जमाबंदीच्या, म्हणजे सारा ठरायच्या दिवसांत लिंबाखाली जत्रा भरायची. दहा गावची माणसं, सगळ्यांना परतीची घाई. अर्जांचे मजकूर ठरलेले असायचे. मी हळूहळू एक सवय लावून घेतली. सकाळी माणसं यायच्या आधी दहाबारा कोरे कागद घ्यायचे, तळाशी नांगर काढून ठेवायचा, खाली 'माझ्या रूबरू' लिहून सही ठोकायची. माणूस आला की वर मजकूर भरायचा, आणि वाळलेल्या नांगरावर त्याचं बोट टेकवून घ्यायचं. काम झटपट व्हायचं. दुसरे दोघे मुन्शीही तेच करायला लागले. मामा तोवर गेले होते.

अशाच एका दिवशी मैनाजी आला. चांगला बोलका, कामाचा माणूस, मी त्याचे आधी दोन-तीन अर्ज लिहिले होते. त्याच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या घरची माणसं तिथं अजून नांदतात. त्याला राजीनामा लिहायचा होता. राजीनामा म्हणजे तेव्हा नोकरीचा नव्हे. ज्याच्या नावावर जमिनीचा पट्टा आहे त्यानं सरकारला लिहून द्यायचं, की मी ही जमीन सोडली, ती अमक्याच्या नावे करावी. पट्टा मैनाजीच्या चुलतभावाच्या, कोंडिबाच्या नावावर होता. आठ-नऊ एकर जमीन आणि बारमाही पाण्याची विहीर. जमीन मैनाजीच्या नावे करायची होती.

मी विचारलं, "कोंडिबा कुठंय?"

"दादा लई बिमार हाय, मुन्शीजी. अंथरुणाला खिळून राह्यलाय. चार कोस गाडीत घालून आणला तर वाटंतच काही तरी व्हायचं. मूलबाळ न्हाई त्याला. मलाच म्हणला, तूच बघ आता समदं."

"त्याला ठाऊक हाय ना?"

"हाय म्हंजे? त्यानंच तर धाडलंय."

माझ्यापुढं आणखी सातआठ माणसं उकिडवी बसली होती. मी तयार कागदातला एक ओढला, मजकूर भरला आणि त्याच्या हातात दिला. म्हटलं, "हे त्याच्यापुढं वाचून सांग कोणाकडून तरी, आणि नांगरावर बोट टेकवून घे." तो 'बराबर' म्हणाला आणि गेला. मी नेहमीच्या मजुरीपेक्षा एक पैसा जास्त घेतला नाही. घेतला असता तर निदान स्वतःला सांगायला काही कारण तरी राहिलं असतं.

आठवड्यानं कोंडिबा मेला. महिनाभरानं कचेरीच्या शिपायानं मला आत बोलावलं.

आत तहसीलदारांच्या मेजापुढं एक बाई उभी होती. चाळिशीची, उन्हानं रापलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. कोंडिबाची बायको, तुळसाबाई. जमीन तिच्या नावे लागायची ती मैनाजीच्या नावे लागली होती, आणि ती भांडायला एकटी चार कोस चालत आली होती. तहसीलदार सरळ माणूस होते. त्यांनी तिला राजीनाम्याचा कागद दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिचं लक्ष वरच्या मजकुराकडं गेलंच नाही. ती तळाशी बघत होती.

"ही माझ्या मालकाची निशाणी न्हाई," ती म्हणाली.

"कशावरून?"

"माझा मालक नांगर काढत नव्हता, सरकार. मोट काढायचा. त्याच्या बापानं हीर पाडली तवापासून त्या घरात मोटच काढत्यात. नांगर समद्यांकडं हाय म्हणायचा, हीर आपल्याकडंच हाय."

तहसीलदार माझ्याकडं वळले. "मुन्शीजी, ये निशानी आपके रूबरू हुई?"

कागदावर माझा तो तीन फटक्यांचा नांगर होता. खाली माझ्याच अक्षरात, 'माझ्या रूबरू.' नाही म्हणालो असतो तर सनद गेली असती, आणि तेव्हा घरात माझ्या सनदीवर खाणारी सहा माणसं होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात तेवढंच होतं म्हणून सांगतो.

"जी सरकार," मी म्हणालो.

"वो तो बीमार था?"

"बैलगाडीत घालून आणला होता, सरकार. गाडी लिंबाखाली उभी केली. मी गाडीजवळ जाऊन निशाणी घेतली. मोट काढायला वेळ लागतो, त्याला दम नव्हता. नांगरच काढा म्हणाला."

हे सगळं मला कुठून सुचलं कोणास ठाऊक. एका दमात बोललो. मरणाच्या दारातल्या माणसाला मी गाडीत घातलं, चार कोस आणलं, त्याच्या तोंडी शब्दही घातले. त्याला मी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

तुळसाबाई माझ्याकडं बघत राहिली. तिला राग आला असता तर मला सोसलं असतं. तिला नुसतं आश्चर्य वाटलं होतं. ती तहसीलदारांना म्हणाली, "आमच्या गाडीचा आक मोडल्याला व्हता, सरकार. दिवाळीपसून गाडी परड्यातच उभी हाय."

पण सनदी मुन्शीच्या जबानीपुढं गाडीच्या आकाला, चाकांमधल्या त्या कण्याला, कोण विचारतो? तिचा अर्ज फेटाळला. तो फेटाळल्याचा शेराही उर्दूत होता, आणि तो तिला समजावून सांगायचं काम शिपायानं केलं. मी तोवर लिंबाखाली येऊन बसलो होतो आणि पुढच्या माणसाचा अर्ज लिहीत होतो.

त्या दिवसापासून कागद तयार ठेवणं मी बंद केलं. प्रत्येकाची बोटं कलमावर घेतली. पण ते आता घरफोडीनंतर कुलूप लावल्यासारखं होतं. नांगर काढताना हात अडखळायला लागला. कारकून म्हणाले, मुन्शीजी, वय झालं का? मी चाळिशीचाही नव्हतो.

दोन पेरण्या गेल्या. दुसऱ्या वर्षी सुगीच्या सुमाराला एका सकाळी तुळसाबाई लिंबाखाली आली. आधी ती माझ्या पलीकडच्या मुन्शीकडं गेली, मग त्याच्या पलीकडच्याकडं. दोघांशी थोडं थोडं बोलली. दोघांनीही माना हलवल्या. मला कळलं काय चाललंय ते. आम्हा अर्जनवीसांत एक रीत होती, मुन्शीनं मुन्शीविरुद्ध लिहायचं नाही. आज एकानं दुसऱ्यावर लिहिलं तर उद्या दुसरा पहिल्यावर लिहील, आणि लिंबाखाली कोणीच उरणार नाही. ही रीत मीही पाळली होती. एकदा एका म्हाताऱ्याला मी असंच परत पाठवलं होतं, तो कुठं गेला मला माहीत नाही.

तुळसाबाई परत गेली नाही. ती माझ्या पेटीसमोर येऊन बसली.

"मुन्शीजी, ते दोघं म्हणले, तुमच्या विरुध आम्ही लिव्हणार न्हाई. दुसरीकडं कुटं जाऊ मी? मंग तुम्हीच लिव्हा."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "अपिलाची मुदत गेली, बाई."

"जिल्ह्याचे मोठे साहेब जुना कागद पुन्हा बघत्यात म्हणं. बघत्यात का?"

"बघतात." जिल्ह्याच्या अव्वल तालुकदारांना, म्हणजे आजच्या कलेक्टरांना, तसा अधिकार होता. मी नाही म्हणू शकलो असतो. तिला कोण सांगणार होतं?

"मंग लिव्हा. तुम्ही खोटं बोलल्ते. माझा मालक गाडीत आल्ता न्हाई. तुम्ही त्याला बघितलंबी न्हाई. तसंच लिव्हा, बाकी काही घालू नका."

ती रागावून बोलत नव्हती. विहिरीवर धुणं धुताना बाई कामाचं बोलते तसं बोलत होती. दोन वर्षं ती काय करते असं मी विचारलं, तर म्हणाली, "मैनाजीच्या वावरात रोजानं जाते." मैनाजीचं वावर म्हणजे तिचंच वावर, हे मला समजायला थोडा वेळ लागला.

मी कोरा कागद घेतला. माझ्या हातून वीस वर्षांत हजारो अर्ज उतरले असतील, पण तसा कागद मी त्याआधी लिहिला नव्हता. अर्जनवीस अमुक यानं पट्टेदाराला न पाहता, त्याची बोटं कलमाला न लावता, आधीच काढून ठेवलेल्या नांगरावर राजीनामा लिहून दिला, आणि चौकशीत खोटी जबानी दिली. अक्षर सुंदर आलं. अक्षराला लाज नसते. पलीकडचे दोघे मुन्शी हातातलं काम टाकून बघत होते. एकजण उठून आला, माझ्या खांद्याशी वाकला आणि हळूच म्हणाला, "येडा झालास काय? सनद जाईल." मी त्याला म्हटलं, "तुझी नाही जाणार."

रीतीप्रमाणे मी तिला अर्ज मराठीत वाचून दाखवला. 'खोटी जबानी' या शब्दांवर माझा आवाज खाली गेला. ती म्हणाली, "ते पुन्हा वाचा, ऐकू न्हाई आलं." मी पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं.

मग निशाणी. मी कलम दौतीत बुडवलं, तिच्यापुढं धरलं आणि सवयीनं म्हणालो, "लावा बोटं. बांगडी काढतो."

तिनं बोटं लावली नाहीत. पदराखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि माझ्या पेटीवर ठेवले. मनगटं मोकळी होती.

"कुठली बांगडी, मुन्शीजी?"

विधवा बायकांचे अर्ज मी शेकड्यांनी लिहिले होते. प्रत्येकीच्या नावाखाली बांगडी काढली होती. त्यांची मोकळी मनगटं कलमाला टेकलेली असायची आणि मी खाली बांगडी काढायचो. कोणी काही बोलली नव्हती. माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. त्या सगळ्या तिथं येऊन बसल्या असं मला वाटलं, आणि मला तिच्याकडं बघवेना.

"मंग काय काढू?" मी विचारलं.

"तुम्ही काही काढू नका," ती म्हणाली आणि कलम माझ्या हातातून घेतलं.

तिनं मोट काढली. पहिल्यांदाच कलम धरलं होतं, त्यामुळं शाई फुटली आणि चामड्याच्या जागी एक डाग पडला. डागाला तिनं सोंड काढली. वर चाक, चाकावरून नाडा. नाडा जिथं बैलांच्या जुवाला जातो तिथं कागद संपला, तेव्हा ती थांबली आणि मला म्हणाली, "बैलं न्हाई मावली." मी म्हटलं, "चालतं." मग त्याखाली मी लिहिलं, 'निशाणी मोट, खुद्द तुळसाबाईच्या हातची, माझ्या रूबरू.' आणि सही केली. माझ्या आयुष्यात तेवढी खरी सही दुसरी झाली नसेल.

पुढचं थोडक्यात सांगतो. जिल्ह्याच्या कचेरीत तीन महिन्यांनी सुनावणी झाली. पटवाऱ्याचं जुनं दप्तर मागवलं, त्यात कोंडिबाचे तीन कागद निघाले, तिन्हींवर मोट. एकावर तर त्यानं बैलही काढले होते, लहान लहान, शिंगांसकट. मैनाजीनं सांगितलं, की दादानं बोट टेकवलं होतं. कुठं टेकवलं, म्हणून साहेबांनी विचारलं तर त्याला नीट सांगता येईना. मग साहेबांनी मला पुढं बोलावलं, राजीनामा माझ्यापुढं धरला.

"ये निशानी किसकी है?"

"माझी आहे, सरकार," मी म्हणालो. आणि मग ते मराठीत बोललो हे लक्षात येऊन पुन्हा म्हणालो, "मेरी है. उस आदमी को मैंने कभी देखा ही नहीं."

साहेबांनी राजीनामा खाली ठेवला. एवढंच म्हणाले, की सनद इथंच मेजावर ठेवा. मी ती खिशात घेऊनच गेलो होतो.

नंतर मी जालन्याला एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींच्या नोंदी ठेवायला लागलो, आणि तिथंच म्हातारा झालो. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन होऊन संस्थान संपलं, तेव्हा कचेरीतली उर्दू गेली, मराठी आली. लिंबाखालचे दोघेही उठले. लोक म्हणाले, मुन्शीजी, तुम्ही आधीच सुटलात. मी हसून घ्यायचो.

हुकूम झाला त्या दिवसाचं मात्र सांगायला हवं. मी कचेरीच्या पायऱ्यांखाली उभा होतो. करायला काम नव्हतं, जायची घाई नव्हती. तुळसाबाई हुकमाची नक्कल हातात घेऊन बाहेर आली. सगळीकडं बघून माझ्याकडं आली आणि कागद पुढं केला.

"वाचा."

"मी आता मुन्शी नाही, बाई. आतला कारकून वाचून दाखवील."

"तो उर्दूतच वाचतो. तुम्ही वाचा."

मी वाचला. राजीनामा रद्द, पट्टा कोंडिबाच्या विधवेच्या नावे, विहिरीसह. तिनं मान हलवली. मला वाटलं होतं, ती रडेल. ती रडली नाही. मला आणखी एक वाटलं होतं, ते लिहायला लाज वाटते. ती मला काही बोलेल असं वाटलं होतं. बरं केलंत, किंवा देव तुमचं भलं करो, असं काही. तिनं विचारलं ते वेगळंच.

"माझी निशाणी लिव्हलीय का त्यात?"

मी खाली बघितलं. हुकमात अर्जाचा उतारा होता. "लिहिलीय. निशाणी मोट."

"कुणाच्या हातची?"

"खुद्द तुळसाबाईच्या हातची."

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. तिनं कागद घेतला, घडी केली, कमरेला खोवला आणि माझ्याकडं न बघता गावाच्या वाटेला लागली. पेरणीला दहाबारा दिवस उरले होते आणि गाडीचा आक अजून मोडलेलाच होता.